हातभर सुतळी

अर्धापुरात बस स्टँडच्या रस्त्याला दोरखंडाचं एक दुकान होतं आणि त्याचा मालक गळ्यात पाटी अडकवून बसायचा. पाटी म्हणजे ते काळ्या ठिपक्यांचं चौकोनी चित्र, ज्याच्यावर फोन धरला की पैसे जातात. बाकीच्या दुकानदारांनी ते भिंतीला लावलं, कुणी काट्याजवळ उभं केलं, कुणी बिस्किटाच्या बरणीला चिकटवलं. याच्या दुकानात भिंत कुणी बघितलीच नव्हती. आढ्यापासून जमिनीपर्यंत कासरे, दावी, म्होरक्या, बैलांचे गोंडे, निळ्या ताडपत्र्यांच्या गुंडाळ्या. मग यानं पाटीला दोन भोकं पाडली, सुतळी ओवली आणि गळ्यात घातली. गिऱ्हाईक त्याच्या छातीवर फोन धरायचं आणि म्हणायचं, "शेठ, हलू नका."

तो हलायचा नाही. इतका, की श्वासपण घ्यायचा नाही. गिऱ्हाइकानं बटण दाबलं की हा छाती भरून घ्यायचा आणि कोपऱ्यातला डबा "अमुक रुपये मिळाले" असं बोलेपर्यंत सोडायचा नाही. एकदा भर दुपारी रेंज गेली. गिऱ्हाईक फोन पुढं नेतंय, मागं नेतंय, आणि हा गाल फुगवून लालबुंद. मी म्हटलं, "अरे सोड, मरशील!" त्यानं बोटानंच मला थांबवलं. डबा बोलला तेव्हा त्यानं असा श्वास टाकला की समोरची चहावाली ओरडली, "शेठ, म्हैस व्याली का काय?"

मी नंतर विचारलं, "श्वास कामून धरतोस?"

तो म्हणाला, "पैसा रस्त्यात हाय ना. त्याच्या फोनातून निघाला, माझ्या डब्यात पोचला न्हाई. तेवढ्या टायमाला तो कुणाचाच न्हाई. आशा टायमाला आपण हलू ने."

मी हसलो.

मी चौथी शिकलेला माणूस. अर्धापूरच्या शिवारात माझी केळी. आयुष्यात कुणापुढं हात जोडला नाही आणि जे पटलं नाही ते केलं नाही. माझ्याजवळ तेव्हा बटणाचा फोन होता, बोलण्यापुरता. पैसा हातानं द्यावा, हातानं घ्यावा, हे माझं म्हणणं. अजूनही आहे. पण या माणसापायी मला काय काय करावं लागलं ते सांगायचं आहे.

गाव त्याला शेठ म्हणायचं. मी अरे-तुरे करायचो, कारण आम्ही एका वयाचे. आणि तो मला नावानं कधी हाक मारायचा नाही. तो मला म्हणायचा बोहनी, म्हणजे दिवसाची पहिली विक्री.

त्याचं कारण असं. पुष्कळ वर्षांमागं एका सकाळी मी त्याच्याकडं पहिलं गिऱ्हाईक म्हणून गेलो. एक रुपयाची हातभर सुतळी घेतली. त्यानं रुपया दोन्ही डोळ्यांना लावला, दोराच्या वेटोळ्याला लावला आणि गल्ल्यात टाकला. त्याच दुपारी आभाळ भरून आलं. हळद शिजवून वाळत घालायचे दिवस, सगळ्यांची हळद उघड्यावर. अर्धापूर आणि आजूबाजूची खेडी त्याच्या दुकानावर तुटून पडली. ताडपत्री नावाला उरली नाही. शेवटी त्यानं स्वतःच्या दुकानावरची पण काढून विकली आणि रात्री भिजलेल्या सुतळ्या वाळवत बसला. तेव्हापासून त्यानं धरून ठेवलं की माझ्या हातात बरकत आहे.

धरून ठेवलं म्हणजे कसं, तर मी येईपर्यंत तो कुणालाही काही विकायचा नाही. मी पावणेनवाला यायचो. लोकं पायरीवर बसून राहायची. एकदा एकाच्या म्हशीचं दावं तुटलं होतं. तो तिला शिंगाला धरून दुकानासमोर उभा, म्हैस त्याला ओढतेय, आणि शेठ आतून म्हणतोय, "दोन मिंटं थांब बाबा, बोहनी यायलीय."

"शेठ, ती पळून जाईल!"

"जाऊ दे, नवा दोर घेऊन आणायला जा."

मी वळणावर दिसलो की ओरडा व्हायचा, "आली, आली, बोहनी आली!" मी मुद्दाम सावकाश चालायचो. खोटं कशाला सांगू, मला ते लई आवडायचं. आमदाराची कुणी इतकी वाट बघत नसेल.

रोजची हातभर सुतळी मी घरी न्यायचो. बायको म्हणायची, "आज पुना? ह्या सुतळ्याचं मी काय लोणचं घालू?" मग तीच एकीला एक गाठ मारून गुंडाळून ठेवायची. त्याचा भोपळ्याएवढा गुंडा झाला. केळीच्या टेकूंना, परसातल्या वेलांना, पोत्यांच्या तोंडाला, आमच्या घरात सगळं त्याच सुतळीनं बांधलेलं.

मापायची त्याची रीत वेगळीच होती. सरकारी साहेब आला तर दाखवायला एक टेप खिळ्याला टांगलेली, पण दोर मोजायचा तो दोन्ही हात पसरून, वावेनं. सुतळी कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत. त्याचे हात लांब होते. नांदेडला स्वस्त मिळत असला तरी लोकं म्हणायची, शेठचा हात लांब आहे, तिथूनच घ्या. आणि कुणी म्हटलं, "शेठ, दोर टिकंल का?" की हा उत्तर देत नसे. उठायचा, दोर वरच्या लोखंडी कांबीवरून टाकायचा, दोन्ही हातांनी धरायचा आणि पाय वर घेऊन लोंबकळायचा. सत्तरीचा माणूस. धोतराचा सोगा हवेत. "बघ, तुटला का?" असं वरून विचारायचा.

पाटी द्यायला कंपनीची एक पोरगी आली होती तो दिवस मला चांगला आठवतो. गोड बोलणारी, पाठीला पिशवी. तिनं डबा ठेवला, पाटी दिली, सगळं समजावलं. यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाई, मधल्या रस्त्यात पैसा कुठं ऱ्हातो?"

"काका, सर्व्हरवर असतो."

"ते कोणच्या गावाला?"

ती हसली. "मला नाही माहीत काका. पण एका सेकंदात येतो."

"एका सेकंदात येवो का अर्ध्या. मुक्काम कुठं करतो ते सांग."

पोरगी माझ्याकडं बघायला लागली. मी म्हटलं, "बाई, तू जा. ह्याला उत्तर दिलंस तर हा दुसरं विचारतो."

जाताना तिनं आणखी एक स्टिकर काढला आणि शटरवर बाहेरून चिकटवला. त्याला ते पटलं नाही. "दुकान बंद असताना कोण येडं पैसे देणार हाय?" असं तो म्हणाला. मी पण तेच म्हटलं. आम्ही दोघं हसलो त्या स्टिकरला.

मग आला तो कंडक्टरचा दिवस.

त्या दिवशी केळीची गाडी भरायची होती म्हणून मला उशीर झाला. तेवढ्यात एसटीचा एक कंडक्टर पळत आला. गाडीच्या मागच्या दाराची कडी तुटलेली, बांधायला दोर पाहिजे, गाडी भरून उभी. एरवी शेठनं त्यालाही बसवून ठेवलं असतं. पण कंडक्टरनं खिशातून फोन काढला आणि याच्या डोक्यात किडा वळवळला. फोनवर बोहनी होते का नाही, हे त्याला बघायचंच होतं. त्यानं दोर दिला. कंडक्टरनं छातीवरची पाटी टिपली, यानं श्वास धरला, डबा बोलला.

इथपर्यंत ठीक. पण चाळीस वर्षांची हाताची सवय. बोहनी म्हटल्यावर हातात काहीतरी यायला पाहिजे. यानं कंडक्टरच्या हातातला फोन घेतला, दोन्ही डोळ्यांना लावला, दोराच्या वेटोळ्याला लावला, गल्ल्यात टाकला आणि किल्ली फिरवली.

मी पोचलो तेव्हा बस हॉर्नवर हॉर्न देत होती, गल्ल्यात फोन वाजत होता आणि कंडक्टर कपाळाला हात लावून उभा होता. फोन ड्रायव्हरच करत होता.

"शेठ, फोन द्या हो! पन्नास पाशिंजर बसलेत!"

"बोहनीची वस्तू दिवस मावळायच्या आत गल्ल्यातून काढत न्हाईत." हा पण घामाघूम झालेला. आपण काय करून बसलो ते त्याला कळत होतं, पण नेम मोडवत नव्हता.

"आवो, ती वस्तू माझी हाय!"

"ते बी खरं हाय," शेठ म्हणाला आणि खाली बसला.

मी पायरी चढलो आणि म्हटलं, "डब्यात पैसा आला तो आला. तुझ्या हातात काय आलं? फोन. फोन त्यानं तुला दिला का? तू हिसकावलास. हिसकावलेल्या वस्तूची बोहनी आस्ते का?"

त्यानं डोळे मिटले. बस वाजतेय, गल्ला वाजतोय आणि हा विचार करतोय. मग डोळे उघडून म्हणाला, "न्हाई आसत."

"मंग बोहनी झालीच न्हाई. हा घे." मी रुपया पुढं केला. त्यानं तो डोळ्यांना लावला, गल्ला उघडला, रुपया आत टाकला, फोन बाहेर काढला. कंडक्टर फोन घेऊन जो पळाला तो दोर तिथंच विसरला. मग शेठ दोर घेऊन बसमागं पळाला, पाटी छातीवर आपटत.

त्या दिवशी मी फुशारकीनं चहा पाजला. माझ्या रुपयानं फोन सोडवला होता. पण शेठ कपातल्या चहाकडं बघत बसला होता. म्हणाला, "पण मंग डब्यात जे आलं, त्यात बरकत हाय का न्हाई? हे कसं कळायचं?"

"सोड ना."

"न्हाई, हे बघितलं पायजे."

त्यानं ठरवलं ते असं. पंधरा दिवस फोनवर बोहनी करायची. समोरची चहावाली सकाळी येणार, पाटी टिपून एक रुपया टाकणार, हातभर सुतळी नेणार. पुढचे पंधरा दिवस माझा रुपया, माझी सुतळी. आणि धंदा कसा झाला हे कशावरून ठरवायचं? गल्ल्यावरून नाही. खांद्यावरून. दिवसभर वावेनं दोर मोजला की संध्याकाळी त्याचा उजवा खांदा दुखायचा. जितका धंदा, तितकी कळ. कमी दुखला तर दाराच्या फळीवर खडूची आखूड रेघ, जास्त दुखला तर लांब.

मला काय वाटलं ते सांगतो. वाईट वाटलं. इतकी वर्षं एक माणूस आपला हात मानतो, आणि आता आपल्या हाताची परीक्षा घेतो, ती पण एका डब्याशी लावून. पण माझी खात्री होती. पहिले पंधरा दिवस मी रोज पावणेनवाला जाऊन पायरीवर बसायचो, फजिती बघायला. चहावाली पदर खोचून यायची, पाटी टिपायची आणि मला ऐकवायची, "बोहनीदादा, आज तुमाला सुट्टी बरं का!" मी तंबाखू मळत बसायचो. मग माझे पंधरा दिवस आले. मी रोज रुपया आधी स्वतःच्या कपाळाला लावून द्यायला लागलो, जे आधी कधी केलं नव्हतं.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी त्यानं फळीसमोर उभं राहून रेघा बघितल्या. बोटानं एकेक मोजली. पायरीवर चार माणसं होती, चहावाली पण होती. तो वळला आणि सरळ म्हणाला, "बरोबरी झाली गड्या. तुझ्या हातात कायबी न्हाई."

तो चेष्टेनं नव्हता म्हणाला. आज बाजारात गर्दी नाही म्हणावं, तसं म्हणाला. म्हणूनच लागलं. चहावाली हसली. मी उठलो. त्या दिवशीची सुतळी तिथंच पायरीवर टाकली आणि घरी आलो.

अकरा दिवस मी त्या रस्त्याला गेलो नाही. शेतात जायला मागून, कॅनॉलच्या कडेनं जायचो. लांब पडतं, पण जायचो. बायको विचारायची, "सुतळी संपली का दुकानातली?"

बाराव्या दिवशी चहावाली आमच्या घरी आली. सकाळी एका गिऱ्हाइकानं विचारलं होतं, शेठ, दोर टिकंल का? हा लोंबकळला. दोर टिकला. हात सुटला. खुब्याचं हाड मोडलं. त्याची मालकीण आधीच वारलेली, पोरगा लातूरला नोकरीला. पोरगा गाडी घेऊन आला आणि दुपारच्या आत त्याला घेऊन गेला. चहावाली म्हणाली, "गाडीत घालताना वरडत व्हता, डबा द्या, माझा डबा द्या. आमाला वाटलं जेवणाचा."

मी लातूरला गेलो नाही. मला कुणी बोलावलं नव्हतं. बायको म्हणते मला लाज वाटत होती. मी तसं म्हणत नाही. त्यानं चार माणसांत सांगितलं, तुझ्या हातात काही नाही. मग मोकळ्या हातानं जाऊन मी काय करणार होतो?

दीड महिना शटर बंद. मी परत त्या रस्त्यानं जायला लागलो, कारण आता तिथं कुणी नव्हतं. पावणेनवाला शटरसमोर पाय आपोआप थांबायचे. शटरवर तो स्टिकर. धूळ बसलेली. रोज बघून बघून माझ्या डोक्यात पण त्याच्यासारखा किडा शिरला. दुकान बंद आहे, माणूस लातूरला आहे. आता यावर पैसे टाकले तर जातील कुठं?

मी बायकोला विचारलं, "ते फोनवरून पैसे कसे देतेत, तुला ठावं हाय का?"

तिनं भाकरी थापायची थांबवली. म्हणाली, "तीन वर्सं झाली मी भाजी, साबण, तुमचा तंबाखू त्याच्यावरूनच आणायलीय. बचत गटाच्या बायांनी शिकवलं. तुमाला आता दिसलं व्हय?"

"मला सांगितलं न्हाईस."

"इचारायला जीभ झिजती का तुमची?"

दुसऱ्या दिवशी ती आठवडी बाजाराला निघाली तेव्हा मी तिला शटरसमोर थांबवलं. पदरानं स्टिकर पुसायला लावला. ती म्हणाली, "बंद दुकानाला पैसे? लोकं हसतेत."

"हसू दे. एक रुपया टाक."

"तुमीच टाका. इथं दाबा. आता इथं."

मी अंगठा दाबला. आणि दाबल्यावर काय झालं तर माझाच श्वास आपोआप थांबला. फोनवर हिरवी खूण आली. गेला, ती म्हणाली. रस्त्यावर डबा नाही, आवाज नाही, काहीच नाही. मला वाटलं, झालं. आता हा रुपया कुणाचाच नाही.

आम्ही दहा पावलं गेलो असू, तिचा फोन वाजला. तिनं कानाला लावला आणि माझ्याकडं बघून तोंडावर हात ठेवला. तिचा नंबर त्याच्याकडं होता, दोर मागवायला लागायचा म्हणून.

पलीकडून आवाज आला, "वयनी, त्या येड्याला द्या."

मी फोन घेतला.

"उशीर केलास," शेठ म्हणाला. "पावणेनऊ वाजून गेले."

मी म्हटलं, "तुला कसं कळलं मीच हाय ते?"

"बंद दुकानाला एक रुपया दुसरं कोण देणार हाय? डबा माझ्या उशाशी हाय. दीड महिना झाला, गप व्हता. सूनबाई म्हणली, मामंजी, फेकून द्यावा का? आन आत्ता बोलला. एक रुपया मिळाला म्हणून. ती चहाचा कप घेऊन उभी व्हती, दचकली."

"खुबा कसा हाय?"

"खुबा गेला उडत. तू काय केलंस सांग. श्वास धरला व्हता का?"

"हाव," मी म्हटलं.

तो इतका हसला की पलीकडून सूनबाई ओरडल्याचं मला ऐकू आलं.

तेव्हापासून रोजचं झालं. पावणेनऊ, शटर, एक रुपया. पहिले काही दिवस बायकोचा फोन, मग तिनं कंटाळून मला स्वतंत्र घ्यायला लावला. लोकं बघायची. बंद दुकानासमोर एक म्हातारा फोन धरून उभा. कुणी म्हणायचं, "बाबा, मालक गावात न्हाई." मी म्हणायचो, "मला ठावं हाय." दोन मिनिटांत त्याचा फोन यायचा. कधी डबा उशिरा बोलला की म्हणायचा, "रुपया वाटेत अहमदपूरला चहा प्यायला थांबला का रे?" मी म्हणायचो, "लोह्यालाच उतरला आसंल." मधल्या रस्त्यात पैसा कुठं असतो याचा शोध आम्ही दोघांनी वर्षभर लावला. लागला नाही.

दिवाळी झाल्यावर मी लातूरला गेलो. पोराचं घर तिसऱ्या मजल्यावर. शेठ खिडकीजवळ पलंगावर बसलेला, वाळून काटकी झालेला. गळ्यात पाटी. इथं कोण गिऱ्हाईक येतंय, पण पाटी. उशाला डबा, औषधाच्या बाटल्या आणि सुतळीचं एक मोठं रीळ. सूनबाईनं पाणी दिलं. शहरातली शिकलेली बाई, पण वागायला साधी. म्हणाली, "काका, रोज सकाळी डबा बोलला की मामंजी कात्री मागतात. मला आधी वाटलं, डोक्यावर परिणाम झाला."

शेठनं उशीखाली हात घातला आणि एक जुडी काढली. हातभर लांबीच्या सुतळ्या, मधोमध बांधलेल्या. "तुझा माल," म्हणाला. "पैसा आला तर माल गेला पायजे. न्हाईतर ती बोहनी कसली?"

मी जुडी घेतली. त्यानं मला जवळ बोलावलं. "माझ्याकडून एक चूक झाली गड्या. इथं पडल्या पडल्या ध्यानात आली. ती परीक्षा चुकली."

"कोणती?"

"आरं, फोनच्या पंधरा दिवसांत बी तू पायरीवर बसलेलाच व्हतास की. आन तुझ्या पंधरा दिवसांत बी. मंग खांद्याला फरक कसा पडंल? तू नसताना मोजायला पायजे व्हतं."

"आकरा दिवस नव्हतो की मी."

"हाव. खरी परीक्षा तीच." त्यानं मांडीवर थाप मारली आणि कळ आली म्हणून तोंड वाकडं केलं. "आन बाराव्या दिवशी मी वरून पडलो. आता बोल!"

सूनबाई दारात उभी राहून हसत होती. मी खिडकीतून बाहेर बघितलं. पण इतक्या महिन्यांत छातीवर जे बसलं होतं ते उठलं.

उन्हाळ्याच्या तोंडाला तो गेला. पोरानं फोन केला. मी लातूरला गेलो, खांदा दिला. उजवा.

परत आल्यावर दुसऱ्या सकाळी मी शटरसमोर उभा होतो. बायको म्हणाली होती, "आता कशाला?" मी म्हटलं, "पाय तिकडंच जातेत." अंगठा दाबला. हिरवी खूण आली. मी दोन मिनिटं थांबलो, फोन वाजला नाही. मग शेतात गेलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. रुपया जात होता हे खरं. कुठं जात होता, कुणासमोर बोलत होता, मला ठाऊक नव्हतं. पोरगा कामाच्या गडबडीत, त्याला काय विचारायचं? आणि मी थांबलो असतो तर त्याचा अर्थ काय झाला असता? ते माझ्याच्यानं झालं नाही.

महिन्याभरानं पोरगा आणि सूनबाई दुकान रिकामं करायला आले. दुकान भाड्यानं देणार होते. मी पावणेनवाला पोचलो तर शटर उघडं. कासरे, म्होरक्या, गोंडे सगळं पोत्यांत भरणं चाललेलं. पहिल्यांदाच त्या दुकानाची भिंत दिसली. पिवळी होती. फळीवरच्या खडूच्या रेघा तशाच होत्या.

सूनबाईनं मला बघितलं आणि पर्स उघडली. आतून एक जुडी काढून माझ्या हातात दिली.

"काका, तुमचा माल."

मी जुडीकडं बघत राहिलो. "तुला कुणी सांगितलं व्हतं का?"

"नाही. पण डबा रोज बोलायचा. मग मी कात्री घेऊन सुतळी कापून ठेवायचे. नाही कापली तर दिवसभर चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं." तिनं पर्स बंद केली. "मापून कशी द्यायची ते मामंजींचं बघितलं होतं. कोपरापासून बोटापर्यंत."

घरी येऊन मी तिची एक सुतळी शेठच्या जुन्या सुतळीजवळ धरून बघितली. सूनबाईचा हात आखूड आहे. दोन बोटं कमी भरते. मी तिला तसं सांगितलं नाही, सांगणारही नाही. बोहनीच्या मालाला घासाघीस करायची नसते, हे शेठनंच एकदा मला ऐकवलं होतं. बायकोनं ती गुंड्याच्या शेवटच्या टोकाला गाठ मारून गुंडाळली, आणि दुसऱ्या दिवशी पावणेनवाला मी अंगठा दाबला.